तिचे कान

लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि त्या आठ वर्षांत आम्ही नवरा-बायको आणि मुलगी मिळून फिरायला म्हणून कुठे गेलो नव्हतो. मी एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होतो, हजेरीची कार्डं सांभाळायचो. राहायला डिलाईल रोडच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. माझी मावसबहीण अलिबागला दिली होती. दर दिवाळीला तिचं पत्र यायचं, 'एकदा तरी या.' त्या थंडीत मी मनावर घेतलं. शनिवारी अर्धी रजा काढायची, भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचं, रविवारी संध्याकाळी परत.

बायकोचं डोकं पंधरा दिवस दुखत होतं. कपाळाला सुंठेचा लेप लावून ती कामं उरकायची. निघायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "मी नाही आले तर चालेल का? तुम्ही दोघं जाऊन या."

"मग कुणीच नको जायला," मी म्हणालो.

मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिने आईकडे पाहिलं. सकाळी उठलो तर पिशवी भरून तयार होती.

रविवारी ओहोटी लागल्यावर आम्ही समुद्रातल्या किल्ल्याकडे चालत निघालो. मधे मधे घोटाभर पाणी. मुलगी फ्रॉक वर धरून पुढे धावत होती. अर्ध्या वाटेत बायको एकदम ओल्या वाळूत खाली बसली. ठेवणीतलं पातळ भिजलं.

"उठ, लोक बघतायत," मी म्हणालो.

"उजेड सहन होत नाही हो. जरा बसू द्या."

"भरती येईपर्यंत बसणार का इथे? एवढ्या हौसेनं आणलं, तर तुझं तोंड हे असं."

ती उठली. किल्ल्यापर्यंत आली. देवळाच्या भिंतीला टेकून, डोळ्यांवर पदर ओढून तासभर बसून राहिली. मी मुलीला बुरूज दाखवत फिरलो. मुद्दाम तिच्याजवळ गेलो नाही. मला राग आला होता आणि तो तिला कळावा असं वाटत होतं.

परतीच्या लाँचमध्ये तिला उलट्या झाल्या. शेजारच्या बाईने लिंबू दिलं, "बोट लागली हो त्यांना." मीही तेच धरून चाललो.

सोमवारी ताप भरला. समोरच्या खोलीतली मालवणी मावशी बघायला आली. कपाळावर हात ठेवून म्हणाली, "ऊन बाधलासा वाटता." नाक्यावरच्या डॉक्टरांनी आधी मलेरिया म्हटलं, मग टायफॉइड म्हटलं, बाटलीतून लाल औषध दिलं. मी रजा टाकली. पेज करायला शिकलो. सकाळी नळावर तिची लुगडी धुवायला बसलो की बायका बोलणं थांबवून जागा करून द्यायच्या. खिडकीला चादर लावून खोलीत अंधार केला होता. ती त्या अंधारातही डोळे मिटून पडायची. मधेच काहीतरी असंबद्ध बोलायची, माहेरच्या म्हशीला हाका मारायची.

दहाव्या दिवशी मुलगी तिच्याजवळ बसली होती. मुलीकडे बघत बायको मला म्हणाली, "ही कुणाची पोर? आई शोधत असेल तिची." मी बायकोला उठवायला गेलो तर तिची मान लाकडासारखी ताठ.

आणि बाहेर मुंबई बंद होती. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत हे ऐकल्यापासून गिरणगाव पेटलं होतं. ट्राम नाही, बस नाही, टॅक्सी नाही. रस्त्यात दगड, पिंपं, तोडलेल्या फांद्या. गोळीबारात माणसं मेल्याच्या बातम्या रोज येत होत्या. मावशीचा नवरा गिरणीत साचेवाला, मागावरचा कामगार होता. तो आणि त्याच्या खात्यातला एक जण वखारीतून हातगाडी घेऊन आले. तिच्यावर गोधडी घातली, डोळ्यांवर ओला पंचा ठेवला आणि भर दुपारी आम्ही निघालो. करी रोडच्या पुलावर पोलिसांनी अडवलं. एकाने काठीने गोधडी उचलून पाहिली आणि ताबडतोब खाली सोडली. लालबागला पोरांनी स्वतः रचलेले दगड बाजूला करून वाट दिली. अश्रुधुराने डोळे चुरचुरत होते. दर खड्ड्याला ती कण्हत होती. तसेच परळच्या हॉस्पिटलात पोचलो.

पाठीत लांब सुई घालून पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"मेंदूच्या आवरणाचा क्षय आहे. काही वर्षांपूर्वी मी तुम्हाला घरीच घेऊन जा म्हटलं असतं. आता इंजेक्शनं आहेत. रोज, काही महिने."

"द्या," मी म्हणालो.

"पुरतं ऐका. इंजेक्शनांनी जीव वाचू शकतो, पण कान जाऊ शकतात. कायमचे. तुमची संमती लागेल."

आत ती बेशुद्ध होती. विचारायचं कुणाला? मी सही केली. सही करताना मनात एकच होतं, की किल्ल्याच्या वाटेवर मी तिला नीट बोललो नाही आणि तेच शेवटचं ठरू नये.

तीन आठवड्यांनी ती मला ओळखायला लागली. "पोरगी जेवते ना?" हे पहिलं धड वाक्य. मी बाहेर जाऊन रडलो. मुलगी मावशीकडेच राहत होती. मी गिरणीतून सुटलो की थेट हॉस्पिटलात जायचो, तिला भरवायचो, वेणी घालायचो. माझी वेणी बघून नर्स हसायच्या. त्या दिवसांत तिला मी सगळं सांगू शकलो असतो. तेव्हा तिला ऐकू येत होतं. रोज ठरवायचो आणि रोज म्हणायचो, अजून अशक्त आहे, उद्या सांगू.

चैत्राच्या सुमारास ती म्हणाली, "कानात गिरणीचा भोंगा वाजतो. सारखा. थांबतच नाही."

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, इंजेक्शन आता थांबवलं तर आजार उलटेल. मी मान हलवली. उभं राहिलं की तिला गरगरायचं, भिंत धरून चालायची. "आज भोंगा कमी आहे का?" मी विचारायचो. "काय म्हणालात?" ती विचारायची. मी पुन्हा मोठ्याने विचारायचो. हे 'काय म्हणालात' वाढत गेलं.

एका रविवारी भेटीच्या वेळेला मी गेलो तेव्हा रस्त्यावरून मोर्चा चालला होता. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'च्या घोषणांनी वॉर्डाच्या काचा थरथरत होत्या. उठता येणाऱ्या सगळ्या बायका खिडकीत गोळा झाल्या होत्या. ती एकटी खाटेवर, खिडकीकडे पाठ करून, केसांचा गुंता सोडवत बसली होती. मला बघून हसली. आजारपणात मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

"थांबला हो भोंगा," ती म्हणाली. "सकाळपासून एकदम शांत वाटतंय."

मी तिच्यासमोर बसलो. हळूहळू तिचं लक्ष खिडकीतल्या बायकांकडे गेलं, त्यांच्या हलणाऱ्या तोंडांकडे गेलं. मग ती माझ्याकडे बघायला लागली. हातातली फणी तिने उशीवर ठेवली.

पावसाळ्याच्या तोंडाशी ती घरी आली. चौथीपर्यंत शिकली होती, त्यामुळे मुलीची पाटी कामाला आली. मी लिहायचो, ती वाचून तोंडाने उत्तर द्यायची. स्वतःचा आवाज कळत नसल्याने कधी ओरडायची, कधी अगदी पुटपुटायची. महिन्याभराने एका संध्याकाळी तिने पाटी स्वतःच पुढे सरकवली.

"औषधानेच गेले ना कान? नर्स दुसऱ्या बाईला खुणेने सांगत होती. तुम्हाला आधी माहीत होतं?"

मी लिहिलं, 'नाही.'

तिने ते वाचलं आणि पदराने पुसलं. खरं लिहिलं असतं तर ती काय म्हणाली असती, कोण जाणे. कदाचित म्हणाली असती, बरं केलंत. पण मला घाबरायला झालं. पुढे अनेकदा वाटलं, आता लिहावं. पण एकदा 'नाही' लिहिल्यावर पुन्हा 'हो' लिहायला जे लागतं ते माझ्यात नव्हतं.

ती हळदीकुंकवाला जाईनाशी झाली. कुणी हसलं तर आपल्यालाच हसतात असं तिला वाटायचं. नळावर भांडणं व्हायची. मावशी तेवढी रोज येऊन तिच्याबरोबर तांदूळ निवडत बसायची, काही न बोलता. माझं पाटीवरचं लिहिणंही कमी होत गेलं. सुरुवातीला गिरणीतल्या गमती लिहायचो, सभेत कोण काय बोललं ते लिहायचो. मग 'उशीर होईल', 'मीठ जास्त', एवढंच. दमून आलेल्या माणसाला लिहायचा कंटाळा येतो, असं मी स्वतःला समजवायचो.

मुलगी चौथीत असताना बाईंनी मला शाळेत बोलावलं. "हुशार आहे हो, पण उत्तर देताना नुसते ओठ हलवते. आवाजच काढत नाही. घरी कुणी रागावतं का?"

घरी येऊन पाहिलं तर खरंच होतं. ती आईशी नुसते ओठ हलवून बोलायची आणि आई ते बरोबर ओळखायची. माझ्याशीही ती तसंच बोलत होती. हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं, कारण मीच कधी काही विचारत नव्हतो. आमच्या खोलीत स्टोव्हचा आवाज सोडला तर दुसरा आवाज नव्हता.

त्या दिवसापासून संध्याकाळी मी मुलीला समोर बसवून धडा मोठ्याने वाचायला लावायला लागलो. आधी घोगरा, अडखळता आवाज निघाला. पुढे सुधारला. बायको स्टोव्हपाशी बसून आमच्याकडे बघत राहायची.

महाराष्ट्र झाला तेव्हा सगळी चाळ शिवाजी पार्कला गेली. मुलीला मी मावशीबरोबर पाठवलं आणि आम्ही दोघं घरी थांबलो. बायकोने विचारलं, "सगळे कुठे गेले?" मी पाटीवर लिहिलं, 'मुंबई आपल्याला मिळाली.' तिने मान हलवली, उठली आणि स्टोव्हवर थोडा साखरभात केला.