मुरूडपर्यंत दांडीची सायकल

...तर भात वाफेवर होता, इथवर काल आलो होतो. वाडीच्या विहिरीजवळ तीन दगडांची चूल, चुलीपाशी वत्सला, आणि तेवढ्यात तिची नात मनस्वी किनाऱ्याकडून ओरडत आली, "आजी गो, तंबू तरंगतात!"

आता काल जो नव्हता त्याच्यासाठी सांगतो. वत्सला टोकावड्याची. वय अठ्ठावन्न, अंगणवाडीत मदतनीस. नवरा धाऊ गेला, त्याची दांडीची सायकल पडवीत गंजत पडली. हिने ती घासून धुतली, लुगड्याचा काष्टा घट्ट मारला आणि भाताचं पोतं कॅरियरला बांधून गिरणीवर न्यायला लागली. एकवीस वर्षं झाली त्याला. पहिल्या दिवशी गावाने दात काढले. पुढे त्याच गावाच्या सुनांना हिनेच मागून धरून सायकल शिकवली.

शहापूरचे शेखर मास्तर दर मार्गशीर्षात, भात झोडून झालं की, सायकलवाल्यांना समुद्राकडे नेतात. मुरबाड, म्हसा, कर्जत, पेण करत अलिबाग, आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूड. रांधायचं वाटेत, झोपायचं तंबूत. मागून एक टेम्पो असतो, थकल्या-मोडल्याला उचलायला. यंदा मनस्वीने नाव दिलं, तर पाठोपाठ आजीनेही दिलं! नाक्यावरचा चहावाला साईनाथ म्हणाला, "वत्सलाबाय, पेनपासनं टेम्पोतली जागा धरून ठेव गो!" सगळा नाका हसला. वत्सलाने नुसतं पायडल मारलं. पण मनाशी पक्कं केलं, की मुरूड गाठायचं ते या सायकलवरूनच. टेम्पोत बूड टेकायचं नाही.

आणि गेली की हो! अंथरायला म्हशाच्या जत्रेतली घोंगडी, हँडलला तेलाची बाटली. चढावर तरणी पोरं उतरून ढकलायची, ही नागमोडी चालवत वर. दुसऱ्या दिवसापासून पोरं तंबूची जागा तिलाच विचारायला लागली. मुंग्या कुठे, वारा कुठून, ओल कुठे, तिला बघताक्षणी कळायचं.

तिथेच घात झाला. अलिबागच्या पुढे एका किनाऱ्यावर दुपारी पोचले. मास्तर मागे कुणाचं पंक्चर काढत राहिलेले. आपल्याकडे काळू नदीचं पाणी दिवाळीनंतर उतरायला लागलं की पुढच्या पावसापर्यंत उतरतच जातं. उघडी पडलेली वाळू म्हणजे हक्काचं अंगण. वत्सलाने समुद्रालाही तोच न्याय लावला. कडक, सपाट वाळू बघून म्हणाली, "हितला पानी गेला आता. टाका तंबू." सगळे डोंगराकडचे, भरती फक्त पुस्तकात वाचलेली. तंबू ठोकले, सायकली आडव्या टाकल्या आणि रांधायला वाडीत आले.

मनस्वीच्या मागे सगळे धावले, तर घोंगडी पाण्यावर आणि सायकली पाण्याखाली. सगळं ओढून काढलं. "जागा मी दावली. चूक माजी," ती म्हणाली.

मास्तर आले, तिचं चाक फिरवून बघितलं. करकर करकर! "आजी, बाकीच्यांच्या सायकली नव्या आहेत, तगतील. तुमच्या चाकात वाळू गेलीय. उद्या टेम्पोत टाकू. तुम्ही मुरूडला पुढं जाऊन थांबा."

"जेवा तुमी," एवढंच बोलून वत्सला विहिरीवर गेली. गिरणीच्या वाटेवर एकवीस वर्षं कोण बसलं होतं दुरुस्तीला? तिने दोन्ही चाकं खोलली, आतले लोखंडी छर्रे पदरात घेतले आणि गोड्या पाण्यात एकेक धुतला. ग्रीस काही नव्हतं. गुडघ्यांना चोळायला आणलेलं खुरासणीचं तेल होतं, ते छर्ऱ्यांना घातलं. उरलेलं बाकीच्या सातही सायकलींच्या चेनींना पुरवलं. मनस्वी म्हणाली, "आजी, गुडघ्यांना ठेव ना थोडं." तर म्हणे, "गुडघं समुद्रात नव्हतं बुडालं."

दुसऱ्या दिवशी काशीदच्या चढावर त्या गुडघ्यांनी तिला रडकुंडीला आणलं. टेम्पोवाला हळूच बाजूला येऊन दार उघडायचा, ही हाताने 'पुढं हो' करायची. दुपारी मुरूड आलं. पोरांनी टाळ्या पिटल्या, मास्तरांनी टोपी काढली. आणि ही? घाम पुसायच्या आधी मासळी वाळवणाऱ्या एका म्हातारीपाशी गेली. "बाय, पानी कुठवर येतं तुमच्याकडं?" मगच सुरूच्या झाडांखाली तंबू ठोकू दिले.

परतीचीही वाट तिने सायकलवरूनच केली. टोकावड्याला बातमी आधीच पोचली होती. नाक्यावर साईनाथ टपूनच बसलेला. "काय वत्सलाबाय, समुद्रानं अंथरुणातनं हाकलली म्हनं तुला!"

वत्सलाने सायकल टपरीच्या खांबाला टेकवली, चहा मागितला, आणि नाक्यावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "हाकलली ना! त्याच्या घरात न इचारता घोंगडी टाकली मी. पन सायकलवरनं नाय उतरवली रे त्यानं. आता तू जाऊन ये बघू. कुठं झोपायचं नाय, ते मी सांगते."