भिंतीवर कोरलेली तक्रार

माझ्या वडिलांनी आयुष्यभर पत्रकं वाटली. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. अन्याय दिसला की लिहायचं, एवढंच मला शिकवलं गेलं.

आखातात, अल सुलैमध्ये आमचं फॅब्रिकेशनचं यार्ड आणि मागेच कामगारांचा कॅम्प. मी स्टोअरकीपर. शेजारच्या खाटेवर महाडकडचे एक वेल्डर, वडिलांच्या वयाचे. मी त्यांना भाई म्हणे, ते मला मास्तर. पिण्याच्या टाकीत अळ्या झाल्या होत्या. भाईंनी जिन्यातल्या भिंतीवर मार्करने लिहिलं, 'पानी में कीड़े हैं'. कॅम्प बॉसने रंग मारला. पुन्हा लिहिलं, पुन्हा रंग.

एका शुक्रवारी जेवताना मी त्यांना ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहराबद्दल सांगितलं. तिथे लोक भिंतीच्या गिलाव्यावर टोकदार काहीतरी घेऊन कोरायचे. कुणी प्रेमाचं, कुणी दारूत पाणी घालणाऱ्याला शिव्या.

"आनि ते अजून हाय?"

"दोन हजार वर्षं झाली. कोरलेलं रंगाने बुजत नाही, भाई."

"दारूत पानी घातलं म्हनून एवढी बोंब! त्यांना आमच्या टाकीतलं पाजायला हवं व्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून स्क्रायबर नेला, लोखंडावर रेघ मारायचा. मी रजिस्टरमध्ये नोंद केली, सही घेतली. कशाला हवा ते विचारलं नाही. मला ठाऊक होतं आणि माझी छाती फुगली होती.

अक्षरं वीतभर उंच होती. त्यांच्याखाली बंगालीत, मल्याळममध्ये, उर्दूत इतरांनी भर घातली. रंगाचे दोन हात देऊनही सगळं वाचता येत होतं.

मग कॅम्प बॉस स्टोअरमध्ये आला. "स्क्रायबर कौन ले गया? रजिस्टर दिखा."

रजिस्टर हरवलं म्हणता आलं असतं. मीच नेला म्हणता आलं असतं. माझा इकामा, कंपनीच्या हातातला राहण्याचा परवाना, पुढच्या महिन्यात संपत होता. मी पान उघडून दिलं.

तीन दिवसांत भाईंचा एक्झिट लागला, म्हणजे कायमची घरी रवानगी. बॅगेला दोरी बांधताना ते म्हणाले, "मास्तर, तुझं एक सांगायचं राहिलं. त्या गावात लिवनाऱ्यांचं काय केलं?"

"माहीत नाही, भाई."

"मंग आधी ते वाचायचं व्हतंस."

नाव कुणी दिलं, हे त्यांनी विचारलं नाही. त्या आठवड्यात स्क्रायबरपुढे एकच सही होती, आणि ती त्यांनी माझ्यासमोर केली होती.

जिन्यात आता टाइल्स बसवल्या आहेत. पाणी तेच आहे. मी रुमालातून गाळून पितो.