धोंड्याच्या महिन्यातले तयार कान

हसायचं असेल तर शेवटी हसा, आधी नीट ऐकून घ्या. घोळ मी आजवर पुष्कळ घातलेत. पण भर मे महिन्यात, सासरच्या सगळ्या माणसांना घामाने निथळवून, वर त्यांच्याकडून टाळ्या घेऊन घातलेला घोळ हा एकच. आणि तो घालत असताना मी आयुष्यात कधी नव्हतो इतका खूश होतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि तो जावयांचा हक्काचा महिना. सासरी बोलावणं येतं, पाय धुतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, अनारशांचं वाण देतात. मुख्य म्हणजे या महिन्यात जावई जे बोलेल ते खरं. त्याने भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं, तर सासू भाजी न चाखताच 'हो, पडलंय खरं' म्हणते. हा नियम मला माहीत होता. तो आपल्यालाही लागू आहे, हे मात्र ऐनवेळी विसरलो.

सासुरवाडी धुळ्याची, तिकडची बोली अहिराणी. सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात, सासूबाईंना अक्का. मी जळगावहून बायकोला, मनीषाला घेऊन पोचलो तेव्हा अंगणात एक मोटारसायकल आधीच उभी होती. म्हणजे माझे साडू, भडगावचे प्रकाशराव, येऊन बसले होते. त्यांच्या बायकोला, म्हणजे मनीषाच्या थोरल्या बहिणीला, धोंड्यांच्या तयारीला अक्कांनी दोन दिवस आधीच बोलावून घेतलं होतं.

आता या प्रकाशरावांविषयी सांगायला हवं. माणूस सोन्यासारखा. केळीची बाग करतो, चार शब्दांच्या वर पाचवा बोलत नाही. पण नानांच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. बोअर कुठे घ्यायची? प्रकाशरावांना विचारा. गच्चीला रंग कोणता? प्रकाशरावांना विचारा. अक्कांच्या गुडघ्यांना डॉक्टर कोणता? तेही केळीवाल्यालाच विचारा. आणि मला काय विचारतात माहितीय? 'तुम्ही अजून एक पोळी घेता का?' लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पोळीच्या पुढे माझं मत कुणी घेतलं नाही. या घरात एकदा, फक्त एकदा, माझा शब्द अखेरचा ठरावा एवढीच माझी इच्छा होती. ती मी कुणाजवळ बोललो नव्हतो, पण ती होती.

आणि त्या दिवशी संधी चालून आली. माझा मेव्हणा गौरव घरूनच कंपनीचं काम करतो. त्याने वायरलेस स्पीकरचा सेट घेतला होता. शोकेसच्या दोन टोकांना दोन उंच काळे स्पीकर, मध्ये वायर कुठेच नाही. मोबाईलवर गाणं लावलं की वायफायवरून स्पीकरमधून वाजतं. मी जळगावात असलाच सेट घ्यायच्या विचारात होतो आणि त्यावरचे इतके व्हिडिओ पाहिले होते की मनीषाने घरात माझ्याशी बोलणं कमी केलं होतं. लॉसलेस काय, बिटरेट काय, सगळं पाठ. स्पीकर तेवढा घेतला नव्हता.

गौरवने एक जुनी ठुमरी लावली. मी डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि म्हणालो, "गाणं छान आहे. पण क्वालिटी साधी आहे."

खरं सांगतो, मला काही कळलं नव्हतं. काहीतरी नाव ठेवल्याशिवाय जाणकार वाटत नाही, म्हणून ठेवलं. गौरवने मोबाईलमध्ये पाहिलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. "दाजी, खरंच की. डेटा वाचवायला मी सगळ्यात खालच्या क्वालिटीवर ठेवलं होतं. तसंच राहिलंय."

नाना खुर्चीत पुढे सरकले. माझ्याकडे बघून नाना पुढे सरकलेले मी प्रथमच पाहत होतो. मग मी कसला थांबतो? गौरवला वरची क्वालिटी लावायला सांगितली. अर्धा तास व्याख्यान दिलं. साध्या क्वालिटीत गाण्याची साल निघून जाते, वरच्यात गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येतो, वगैरे. अक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "हो, आता श्वास येतोय." नाना म्हणाले, "भलता फरक शे." मनीषाने मात्र माझ्याकडे रोखून पाहिलं; ती माझी बायको आहे, मला ओळखते.

प्रकाशराव पंच्याने घाम पुसत म्हणाले, "माले ते सारखंच वाटस."

झालं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, सारखं कसं वाटतं? होऊनच जाऊ द्या परीक्षा. मी डोळे मिटून बसतो. गौरव कधी साधी क्वालिटी लावेल, कधी वरची. कुठली आहे ते मी ओळखणार. प्रकाशरावांनीही ओळखावी.

"पण एवढ्या गोंगाटात जमणार नाही," मी म्हणालो. "आधी कूलर बंद करा."

तुम्ही मे महिन्यात धुळ्याला गेला असाल तर त्या हॉलमध्ये किती शांतता पसरली असेल ते तुम्हाला कळेल. बाहेर डांबर वितळत होतं. गौरवने एकदा कूलरकडे पाहिलं, एकदा नानांकडे. पण नानांनी हात वर केला. "जवाईबापू म्हणतस ना, मंग बंद."

कूलर बंद झाला. मग पंख्याची कुरकुर यायला लागली, पंखा बंद केला. कुकरची शिट्टी होईल म्हणून गॅस बंद करायला लावला. सकाळपासून उभ्या असलेल्या अक्कांनी निमूटपणे पुरणाखालची शेगडीही विझवली. तरी मला कुठूनतरी हुम्म असा आवाज येतच होता. मी भिंतीला कान लावत लावत शोधला. कूलरच्या मागे एक एक्स्टेन्शन बोर्ड होता, तो गुणगुणत होता. मी स्वतः वाकून त्याची पिन उपटली. तीनचार दिवे एकदम विझले. मनात म्हटलं, वा, याला म्हणतात कान.

ठुमरी मध्येच थांबली.

"दाजी, ते वायफाय..." गौरव म्हणाला.

"शू," मी म्हणालो. "आता एक शब्द नको. मी डोळे मिटलेत. तू बदलत जा."

थोडा वेळ काहीच नाही. मग गाणं पुन्हा सुरू झालं. मी श्वास रोखून ऐकलं. "साधी."

"बरोबर, दाजी."

मग गाणं थांबलं, पुन्हा लागलं. "वरची. स्वच्छ वरची."

"बरोबर."

"आणि प्रकाशराव, तुम्ही?"

"सारखंच शे."

"प्रकाशदाजी, तुमचंही बरोबर," गौरव म्हणाला.

मला त्या पोराचं कौतुक वाटलं. किती समंजस! धोंड्याच्या महिन्यात एका जावयाला जिंकवलं म्हणून दुसऱ्याला हरवायचं नाही, केवढी ही जाण. मीही मोठ्या मनाने गालातल्या गालात हसलो, डोळे मिटूनच.

त्यानंतर मी थांबायलाच तयार नव्हतो. साधी, वरची, वरची, साधी. प्रत्येक वेळी बरोबर. तिकडे प्रकाशराव प्रत्येक वेळी 'सारखंच', आणि त्यांचंही बरोबर. मला तर आता नुसती क्वालिटी नाही, गाणारीच्या तोंडातली खडीसाखर ऐकू यायला लागली. तसं मी बोलूनही दाखवलं. तबलजीने उजव्या हातात अंगठी घातलीय, हेही सांगितलं. शेजारची दोनतीन माणसं दारात येऊन उभी राहिली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी डोळे उघडले तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून पाणी ओघळत होतं, आणि मला वाटलं, काहींच्या डोळ्यांतलंही असेल.

नाना उठून उभे राहिले आणि दारातल्या शेजाऱ्यांना म्हणाले, "आमना जळगावना जवाईना कान सोनाना शेतस."

आता तुम्हीच सांगा, याहून मोठा दिवस जावयाच्या आयुष्यात कुठला? पहिला पाट मला मिळाला. पहिला धोंडा माझ्या ताटात पडला, तोही सगळ्यांच्या आधी तूप ओतून. आणि जेवता जेवता नानांनी मला विचारलं, "वरल्या खोलीत खिडकी कोण्या बाजूले काढू?" खिडकी! हातातला धोंडा मी ताटात परत ठेवला. मी गंभीर चेहऱ्याने "उत्तरेला" म्हणालो आणि नानांनी मान डोलावली. मनीषा माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, अभिमानाने.

जेवण झाल्यावर प्रकाशराव बाहेरच्या ओट्यावरच्या खाटेवर जाऊन पडले. मला त्यांची दया आली. विचार केला, बिचाऱ्याला एकदा फरक समजावून सांगावा, जिंकलेल्या माणसाने एवढं करायलाच हवं. म्हणून गौरवकडे मोबाईल मागितला. तो देईना. "राहू द्या ना दाजी," म्हणाला. मी घेतलाच. गाण्याच्या अॅपवर वरती पट्टी होती: इंटरनेट नाही.

"हे कधी गेलं?"

गौरवने दाराकडे पाहिलं. "तुम्ही बोर्डाची पिन काढली तेव्हा. वायफायचा डबा त्याच बोर्डावर आहे."

"मग गाणं कसं वाजत होतं?"

"ब्लूटूथवर. माझ्या मोबाईलमध्ये आधी उतरवून ठेवलेलं होतं तेच. साध्या क्वालिटीतलं."

"आणि वरची?"

"वायफाय गेलं, मोबाईलचा डेटाही संपलेला; वरची लावायला इंटरनेट कुठे होतं, दाजी? मी एकच गाणं थांबवायचो आणि चालू करायचो."

मी ती पट्टी पुन्हा एकदा वाचली. "अरे, मग बरोबर, बरोबर काय म्हणत होतास?"

"धोंड्याचा महिना आहे," गौरव खाली मान घालून म्हणाला. "तुम्हाला चूक कसं म्हणणार? आणि सारखंच आहे हेही खरंच होतं, म्हणून त्यांनाही बरोबर म्हटलं."

मी मोबाईल त्याला परत दिला. मग हिशेब केला. हे कुणाला माहीत आहे? गौरवला आणि मला. बस. खिडकी उत्तरेला ठरलेली आहे, कान सोन्याचे ठरलेले आहेत. गौरवच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "हे आपल्या दोघांतच राहू दे." तो काहीतरी सांगायला गेला, पण मी त्याला पुन्हा शू केलं. विजय शाबूत होता. मी छाती काढून ओट्यावर गेलो आणि खाटेच्या कडेला बसलो.

"प्रकाशराव," मी म्हणालो, "मनाला लावून घेऊ नका. कान तयार व्हायला वेळ लागतो."

प्रकाशरावांनी तोंडावरचा पंचा बाजूला केला. माझ्याकडे अगदी मायेने पाहिलं. आणि तो चार शब्दांचा माणूस त्या दिवशी भरपूर बोलला.

"पाव्हनं, मोबाईल ते टेबलवर पडेल व्हता. गौरव एका बोटघाई गानं थांबाडे, चालू करे, आन् बाकी टाइम दोन्ही हातघाई वारा घे. तुमना डोळा मिटेल व्हतात. आमना बठ्ठासना उघडा व्हतात."

"म्हणजे तो एका बोटाने गाणं थांबवून दोन्ही हातांनी वारा घेत होता, हे सगळ्यांना दिसत होतं? नानांनाही..."

"नानास्ले, अक्कास्ले, शेजारपाजारले. बठ्ठासले."

मी आत पाहिलं. हॉलमध्ये कूलर पुन्हा सुरू झाला होता, आणि त्याच्यासमोर दाटीवाटीने बसून सगळं घर, माझ्या बायकोसकट, तोंडाला पदर आणि रुमाल लावून हलत होतं. मला वाटलं होतं, उन्हाने बेजार झालेत.

खिडकीचं काय झालं म्हणता? नानांनी ती प्रकाशरावांना विचारून दक्षिणेला काढली. मला कळवायला फोन केला, तेव्हा आवाज जरा फाटत होता. मी म्हणालो, "नाना, तुमच्या फोनची क्वालिटी साधी वाटतेय," आणि नाना पटकन म्हणाले, "बराबर, जवाईबापू." अधिक महिना संपून तेव्हा आठवडा झाला होता.