माझ्या माठातलं पाणी

दुपारचे तीन वाजले होते. चार वर्षांच्या ओवीची बाटली अकरालाच रिकामी झाली होती. ओठ सुकलेले. मी माठातून फुलपात्र भरलं आणि तिच्यापुढं धरलं. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

“आई म्हणाली, काकूच्या माठातलं प्यायचं नाही.”

“का गं?”

“तू वेगळी आहेस ना, म्हणून.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. फुलाचा रंग लाल, इतक्या सहज ती सांगत होती.

हडको वसाहतीतल्या माझ्या दोन खोल्यांत मी पाळणाघर चालवते. नऊ मुलं. ओवी माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. मी बौद्ध. नवरा दौलताबादकडच्या शेतीवाडीवाल्या घरातला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात आमची ओळख झाली, लग्नाला तिथलीच चार माणसं होती. गेल्या श्रावणात तो गेला. महिन्याभरानं जाऊबाई ओवीला घेऊन आल्या. “हिला ठेव तुझ्याकडं. तुझं मन रमेल,” म्हणाल्या. ओवीची हनुवटी त्याच्यासारखी आहे. मी लगेच हो म्हटलं.

त्या दुपारी मी काय केलं, तेच लिहायचं आहे. मी चिडले नाही. फुलपात्र खाली ठेवलं आणि मदतीला येणाऱ्या मावशींना कोपऱ्यावरच्या दुकानातून सीलबंद बाटली आणायला पाठवलं. ओवीसमोर बाटलीचं सील तोडलं. ती घटाघटा प्यायली. मला बरं वाटलं.

माझ्या घरात, माझ्याच हातानं, मी स्वतःला बाजूला काढलं. आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी माठ तसाच भरलेला राहिला. पाच वर्षांच्या आयेशानं विचारलं, “काकू, तुमचा पानी खराब है क्या?” बाकीची मुलं माझ्याकडं बघत होती. एकानं पेला पालथा घातला. मी माठातलं पाणी त्यांच्यादेखत प्यायले, तेव्हा कुठं दोघं-तिघं उठली. बाकीची बसूनच राहिली.

तेव्हापासून मला संशयाची सवय लागली. आधी ओवीचा डबा. तो मी उघडलेला चालायचा नाही, तिनंच उघडायचा. मग संध्याकाळ. सहाला न्यायचं ठरलेलं, पण जाऊबाई आठला येणार, बाहेरच थांबणार, आणि जिन्यातच ओवीचा फ्रॉक बदलून तो पिशवीत घालणार. मला वाटायचं, लेकराचा घाम. मग आणखी मागं गेले. जाऊबाई माझ्याकडं आल्या की त्यांचा उपास असायचा. मंगळवार, गुरुवार, चतुर्थी. साधा चहासुद्धा नाही. माझ्या घरी झालेल्या नवऱ्याच्या तेराव्याला पाण्याचे जार बाहेरून आले होते. मी सगळ्यांना सांगितलं होतं, दिरांनी किती धावपळ केली.

आणि शेवटी तो. सासरी गेलं की तो मला म्हणायचा, “तू बस, मी पाणी आणतो.” स्वतः आत जाऊन आणायचा. मैत्रिणींना मी हे कौतुकानं सांगायचे. आता वाटतं, मी आत जाऊ नये म्हणून तो उठत होता का? मला वाचवत होता, की त्यांना सांभाळत होता? विचारायला तो नाही. या लोकांनी माझ्याकडून तेवढंही नेलं. माझं दुःखसुद्धा आता मला तपासून घ्यावं लागतं.

सोमवारी सकाळी मी दारात उभी राहिले. हातात पाळणाघराचा फॉर्म. सगळ्या पालकांनी भरलेला, फक्त जाऊबाईंनी नाही. घरच्यांना कसला फॉर्म, म्हणून.

“ताई, इथं सगळी मुलं एका माठातलं पितात. ओवी पण पिईल. सहाला न्यायचं. सही करा.”

“अगं, तिचं पोट लई नाजूक हाय.”

“डॉक्टरांची चिठ्ठी आणा. मी तिला उकळून देते.”

पोटाला उकळलेलं पाणी चाललं असतं. उकळणारे हात चालणार नव्हते.

“दोन्ही घरांत पाणी जायकवाडी धरणाचंच येतं, ताई.”

“लई शिकलीस, म्हणून असं बोलतीस,” त्या म्हणाल्या. “घरातलं माणूस ना तू? घरात असले नियम असतेत व्हय?”

“घरातली असते तर माझं पाणी चाललं असतं.”

ओवी आमच्या दोघींच्या मधे उभी होती. चप्पल काढून आत येऊ की नको, तिला कळत नव्हतं. जाऊबाईंनी तिचा दंड धरला. जिना उतरताना ती मागं वळून बघत होती. मी हाक मारली नाही.

अर्ध्या तासात दिरांचा फोन.

“तो असता तर तू असं केलं नसतंस.”

“माहीत नाही, भाऊजी.”

“मग श्रावणात वर्षश्राद्धाला कोणत्या तोंडानं येणार तू?”

त्यांना वाटलं, इथं मी वाकेन. तोच एक धागा उरला होता, हे त्यांना नीट माहीत होतं. मी विचारलं, “तिथं मी पंगतीत बसणार होते का?”

फोन बंद झाला.

ओवीची जागा अजून रिकामी आहे. आयेशा रोज तिचं नाव घेते. मला त्या हनुवटीची आठवण येते, आणि मग तशीच हनुवटी असलेल्या त्याच्या मनात काय दडलं होतं, याची शंका येते. ही शंका आता जाणार नाही, आणि ती घालवायचा प्रयत्नही मी करणार नाही. तिच्यामुळं मला दिसू लागलं.

लोक म्हणतात, लेकराचा काय दोष. दोष नाहीच. पण लेकराला पुढं करून मला रोज उंबऱ्याबाहेर ठेवलं जात होतं, आणि मी माया म्हणून ते सोसत होते. ते संपलं. दीर, जाऊ, उद्या आणखी कोणी. सही केल्याशिवाय एकाही नातेवाइकाचं मूल आत येणार नाही. वर्षश्राद्धाला मी जाणार नाही. ओवीच्या भल्यासाठी हे केलं, असंही मी कुणाला सांगणार नाही. मी हे माझ्यासाठी केलं आहे.