काकांचा गुडघा आणि माझी तालीम

आमच्या घराण्यात कण्हायचे वर्ग काढणारा मी पहिलाच.

विद्यार्थी एकच: माझे गुलाबकाका. फौजेतले निवृत्त हवालदार, आता अकोल्याजवळ वांगी-मेथी पिकवतात. नोकरीत डोंगरावरून पडून त्यांचा उजवा गुडघा कायमचा गेला. पण निवृत्तीच्या तपासणीत डॉक्टरांनी "दर्द है?" विचारलं, तर या गृहस्थांनी "नहीं साब!" असं ठणकावून सांगितलं! अपंगत्वाच्या पेन्शनचे टक्के नावापुरते मिळाले आणि शेरा आला: दुखापत किरकोळ.

"किरकोळ?" काकांना घास गिळवेना. "मंग मी काय खोटा लंगडून राहिलो काय बे?"

मी अपील लिहिलं. (मी मराठीचा मास्तर. अर्ज इतका करुण उतरला की काकू ढसाढसा रडल्या, काका समोर चहा पीत असताना!) मग तालीम सुरू झाली.

"काका, गुडघा वाकवला की 'आई गं' म्हणा."

"साहेबापुढं? लाज नाही वाटत तुले?"

फेरतपासणीला आम्ही नागपूरकडच्या लष्करी दवाखान्यात गेलो. जिना चढताना "काका, अजून जोरात लंगडा!" असं सांगायला मी मागे वळलो, पायरी चुकलो आणि आडवा झालो. "आई गं!"

काकांनी मला उचलून पाठीवर घेतलं.

"काका, ठेवा मले खाली! अपील बुडते!"

"चूप! पडलेल्या माणसाले सोडत नसतेत."

पुरता मजला चढून आमची वरात थेट डॉक्टरांच्या बोर्डासमोर! डॉक्टरसाहेब चष्म्यावरून बघतच राहिले. "मरीज कौन है?"

संपलं सगळं, मला वाटलं. पण त्यांनी काकांची पँट वर सारायला लावली. गुडघा नारळाएवढा सुजला होता. वाकवला तर आत कटकट वाजलं. काकांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, चेहरा मात्र हलला नाही.

"इस घुटने पे इनको उठाया?"

"साब, आदमी गिरा था."

जन्मभर या माणसाच्या पंगतीला जेवलो आणि तो रोज काय सोसतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी त्याला कण्हायला शिकवत होतो!

पुढे कागद आला. टक्के वाढले होते, 'किरकोळ' कुठेच नव्हतं. काकांनी तो तीनदा वाचला आणि त्या शेऱ्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

माझा पाय मात्र खरंच मुरगळला होता. आठवडाभर मी लंगडलो, कण्हलो, पण घरात एकानंही विश्वास ठेवला नाही. काकू म्हणाल्या, "नाटकं पुरे झाली, ऊठ!"