साहेबांच्या गाडीवरचे पांढरे ठिपके

गाडीवर उडालेले रंगाचे ठिपके काढावेत ते मास्तरांनीच, असं गॅरेजात सगळे मानत. मास्तर शिकवत वगैरे काही नसत. काम करताना दुसऱ्याला चार शब्द सुनावल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे, म्हणून टवाळांनी ही पदवी बहाल केली होती. आता वय झालं होतं, खांदा भरून येई, पण तोंड शाबूत होतं.

त्या दिवशी ते घरी येऊन जेमतेम टेकले, तोच धाकट्या भावाचा फोन. एका ऑफिसच्या कुंपणाचे गज तो स्प्रेने पांढरे करत होता. वाऱ्याचं भान राहिलं नाही आणि शेजारी उभी असलेली साहेबांची काळी गाडी टपापासून दारापर्यंत ठिपक्यांनी भरली. मीटिंग संपेपर्यंत गाडी होती तशी दिसली नाही, तर उद्यापासून यायचं नाही, असं साहेबांनी बजावलं होतं.

"दादा, ही नोकरी गेली तर बायको माहेरी जाईल. या वेळी खरंच जाईल."

"घाण करायची त्याने आणि निस्तरायची तुम्ही!" मास्तरांची बायको म्हणाली. "चहा तरी घेऊन जा."

चहा राहिलाच. मास्तर पोहोचले तेव्हा धाकटा चिंधीवर थिनर ओतून तयार.

"ठेव ते खाली! ठिपक्यांबरोबर गाडीची चमकही घालवशील, गाढवा."

त्यांनी गाडी धुतली. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून तळवा फिरवला. डोळ्यांना न दिसणारा ठिपकाही पिशवीतून खरखरतो. मग साबणाचं पाणी फवारून क्लेची, म्हणजे चिकणमातीसारखी मऊ वडी हलक्या हाताने, सरळ रेषेत घासायला सुरुवात केली. वडी ठिपके ओढून घेते. मळली की दुमडायची, पुन्हा घासायचं. टप झाला, दारं झाली. दिवसभर हेच काम करून आलेला खांदा आता बोलायला लागला होता. बॉनेटचा कोपरा तेवढा राहिला, आणि वडी हातातून निसटून खाली पडली.

पडलेली वडी फेकून द्यायची. तिला चिकटलेला एक खडा रेघ ओढायला पुरतो. यावरून मास्तरांनी गॅरेजात कितीजणांना फैलावर घेतलं होतं. पण दुसरी वडी गॅरेजात होती आणि तिथवर जायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. त्यांनी वडी झटकली, वरचा थर खुडून टाकला, दुमडली आणि घासली.

करकर ऐकू आली तेव्हा उशीर झाला होता. काळ्या रंगात नख अडकेल एवढी खोल रेघ उमटली होती. धाकट्याने ती बघितली. तेवढ्यात साहेब आले.

"हे कोणी केलं?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण धाकटा पुढे झाला.

"मी, साहेब. दादा पाणी प्यायला गेला होता. मला वाटलं, उरलेलं आपणच करून टाकू."

"उद्यापासून येऊ नकोस."

मास्तरांना आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली, आणि ते वाकून बादली उचलू लागले. साहेब गाडी घेऊन निघून गेले.

"खोटं कशाला बोललास?" रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं.

"तुझ्या मालकाला बाहेरची कामं खपत नाहीत. साहेबांनी त्यांना फोन केला असता, तर तुझीही गेली असती."

"आणि बायकोला काय सांगशील?"

धाकट्याने मास्तरांच्या हातातली बादली घेतली, आणि मास्तरांनी ती मुकाट्याने दिली. उद्या सकाळी साहेबांना गाठून खरं सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आपण जाणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.