लोंग्वेने केलेली चेष्टा

सरोवराकाठच्या न्खाटा बे गावच्या गाडीस्टँडवर माझ्यासोबत लोंग्वे ओरडून, प्रवासी गोळा करून गाड्या भरायचा. एकदा पाठीवर बोजा घेतलेल्या गोऱ्या पोरीने त्याला दक्षिणेची गाडी विचारली. त्याने गंमत म्हणून तिला उलट्या दिशेच्या टेम्पोत चढवलं. तो टेम्पो सरोवराकाठानेच पुढे, त्याच्या स्वतःच्या गावी जात होता.

"अरे, भटकेल ना बिचारी," मी म्हटलं.

"भटकायलाच आलीय ती."

तिसऱ्या दिवशी ती परतली. तिने त्याच्या हातात सुक्या मासळीची पुरचुंडी ठेवली.

"टेम्पोवाल्यानं तुझं नाव सांगून तुझ्या आईच्या दारात उतरवलं, तिच्याकडेच राहिले. लोंग्वेनं पाठवलं म्हटल्यावर रडली ती. चार वर्षं झाली म्हणे तुला घरी जाऊन."

लोंग्वेची मान खाली गेली.

"मी तुला मुद्दाम चुकीच्या गाडीत बसवलं होतं," तो पुटपुटला.

"ठाऊक आहे. आईला नाही सांगितलं."